ताऱ्यांचा मंजूर नमुना

मला कुठल्याही लग्नाला नेऊ नये, असं माझ्या धाकट्या भावाचं स्पष्ट मत आहे. नवरी बोहल्यावर उभी असते, लोक अक्षता टाकत असतात आणि मी तिच्या शालूच्या काठातला सुटलेला धागा बघत असते. बघून गप्प बसले तरी एक वेळ चाललं असतं, पण मी तो शेजारणीला दाखवते. सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी चेकिंग खात्यात तीस वर्षं काढली. टेबलावर टॉवेल पसरायचा, त्यावरून हात फिरवायचा, डोळा फिरवायचा, पलटायचा, पुन्हा तेच. चांगला असेल तर फ्रेशच्या ढिगात, खोट असेल तर सेकंडच्या. माझ्या हाताखालून गेलेला माल कधी परत आला नाही, हे मी कुणी न विचारताही सांगते.

निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात मी वहिनीच्या पोळ्यांचे दोन ढीग करायला लागले. वहिनी स्वभावाने गरीब, ती काही बोलली नाही. भाऊ मात्र म्हणाला, अक्का, तुला काहीतरी काम शोधून दिलं पाहिजे, नाहीतर एक दिवस तू आम्हालाही सेकंडात काढशील. तो खालच्या मजल्यावर राहतो, मी वर. मी एकटीच आहे. नवरा लवकर गेला, मूल झालं नाही, आणि भावाची मुलगी माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. काम शेवटी तिनेच आणलं, आणि ते असं निघालं की कारखान्यातल्या माझ्या जुन्या मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना मी थट्टा करतेय असं वाटतं.

भाची पुण्याला एका संस्थेत खगोलशास्त्रात पीएचडी करते. दोन वर्षं तिने ज्या कामावर घालवली ते काम कुठेच पोचलं नाही. मग सरांनी दुसरं दिलं. एप्रिलमध्ये ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा पाहूनच वहिनीने गोड करायला घेतलं. जेवताना ती म्हणाली की जूनमध्ये तिचं सेमिनार आहे, सर आणि आणखी तिघं-चौघं ऐकायला बसणार, आणि तिथे काही दाखवण्यासारखं नसेल तर ती हे सगळं सोडून देणार. भावाने लगेच ताटाशेजारी बँकेच्या परीक्षेचा विषय वाढला. सोलापुरात बँका काय कमी आहेत, तो म्हणाला. मीही मान डोलावली. खरं सांगायचं तर मी मनापासून डोलावली. पोरगी घरी येईल, वरच्या खोलीत माझ्याशेजारी झोपेल, सुट्टीच्या दिवशी दोघी नव्या पेठेत खरेदीला जाऊ, असं सगळं मला दिसायला लागलं होतं.

उन्हाळ्यात घरातला एकमेव कूलर माझ्याकडे असतो, त्यामुळे ती लॅपटॉप घेऊन दिवसभर वरच बसायची. मी तिच्या मागे भाजी निवडत बसायचे. पडद्यावर काळे चौकोन येत-जात असायचे. प्रत्येक चौकोनात मधोमध पांढरा ठिपका, कधी गोल, कधी फाटका, कधी दोन-तीन ठिपके एकमेकांना चिकटलेले. ती बघायची, एक ते चारमधला एक आकडा दाबायची, पुढचा चौकोन यायचा. दोन दिवस मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

"हे घेतलंस, मग मघाचं का टाकलंस?" मी विचारलं. "दोन्हीत फरक काय हाय?"

ती मागे जाऊन मघाचा चौकोन शोधायला लागली. सापडला. दोन्ही शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, आत्या, तू इकडे ये, खुर्ची घे.

तिने मला समजावलं ते असं. आकाशात फिरणाऱ्या एका मोठ्या दुर्बिणीने एका दीर्घिकेचे फोटो काढले आहेत. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं अफाट गाव, आपली आकाशगंगा हे त्यातलंच एक. ही शेजारची. शेजारची म्हणजे किती, तर तिथून निघालेला उजेड इथे यायला अडीच-तीन कोटी वर्षं लागतात. मी म्हटलं, मग लांबची म्हणायला काय ठेवलंस. ही दीर्घिका सर्पिल आहे, मधून निघालेले दोन हात गोल गोल वळत बाहेर जातात. तिच्यात ताऱ्यांचे गुच्छ आहेत. एका गुच्छात हजारो तारे, पण इतक्या लांबून सगळा गुच्छ मिळून एक ठिपका दिसतो. संगणकाने असे हजारो ठिपके निवडून दिले आहेत. त्यातले खरे गुच्छ कोणते, आणि गुच्छ असल्याचा नुसता भास कुठे होतो, हे मात्र माणसाने डोळ्याने बघून सांगावं लागतं. एक नंबर म्हणजे गोल, बांधीव गुच्छ. दोन नंबर बांधीव पण एका अंगाला कललेला. तीन नंबर सैल, दोन-चार शेंड्यांचा, म्हणजे एकाऐवजी दोन-चार ठिकाणी लख्ख, पण गुच्छच. चार नंबर म्हणजे गुच्छ नाही, एकटा तारा असेल, मागची कुठली तरी लांबची दीर्घिका असेल, टाकून द्यायचा.

मी म्हटलं, हे तर चेकिंग खातं झालं.

तिने सरांना फोन करून विचारलं. सरांनी हरकत घेतली नाही, फक्त कुणी काय तपासलं त्याची नोंद ठेवायला सांगितली. पहिले दोनशे चौकोन मी तिला विचारत विचारत केले. तिने ते सगळे स्वतः पुन्हा पाहिले आणि आमचं जवळजवळ सगळं जुळलं. मी विचारलं, हे गुच्छ नवे की जुने? तर ती म्हणाली, ते मुद्दामच सांगत नाही, सांगितलं तर तुझा डोळा वय शोधायला लागेल. वय नंतर रंगावरून निघतं, आता फक्त आकार बघ. चौकोन काळे-पांढरे होते तेही याचसाठी. मला हे पटलं. कारखान्यातही गठ्ठा कुठल्या लूमवरचा आहे हे आम्हाला सांगत नसत.

दोनशे झाल्यावर तिने उरलेल्यांचे दोन भाग केले, थोडे तिने घेतले, बाकीचे सगळे तिच्या जुन्या टॅबवर घालून मला दिले. आणि तिथून मी माझ्या पद्धतीने काम करायला लागले.

आमच्या खात्यात एक म्हातारे मास्तर होते. कारागिरांशी ते तेलुगूत बोलायचे, आमच्याशी मराठीत, आणि हातात माल आला की कुणाशीच नाही. त्यांचा एक नेम होता. ऑफिसने शिक्का मारून मंजूर केलेला एक टॉवेल भिंतीवर खिळ्याला टांगलेला असायचा, त्याला आम्ही मंजूर नमुना म्हणायचो. सकाळी मालाला हात लावण्याआधी सगळ्या बायकांनी त्या नमुन्यासमोर उभं राहायचं, तो नीट बघायचा, मगच टेबलावर जायचं. डोळ्याला रोज सकाळी सगळं नवं असतं, ते म्हणायचे, काल आपण कशाला चांगलं म्हटलं हे तो विसरलेला असतो. तीस वर्षं मी रोज त्या टॉवेलासमोर उभी राहिले आहे.

तेव्हा इथेही नमुना हवाच. मी सगळ्यांत देखणा चौकोन शोधून काढला. गोल, भरीव, मधे लख्ख आणि कडेला सगळीकडून सारखा विरत गेलेला. असा की हात फिरवला तर कुठे अडकणार नाही. भाचीकडून तो फोनवर घेतला आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात छापायला गेले. दुकानदाराने कागद उलटसुलट करून विचारलं, मावशी, सोनोग्राफी कुणाची? मी म्हटलं, आकाशाची. तो कागद कॅलेंडरशेजारी चिकटवला. रोज सकाळी चहा झाला की मी नमुन्यासमोर उभी राहायचे, डोळा भरून बघायचे आणि कामाला बसायचे. दिवस संपला की चिठ्ठीवर तारीख, कुठल्या चौकोनापासून कुठल्या चौकोनापर्यंत आणि खाली माझी सही. भाची हसायची, पण चिठ्ठ्या तिने फेकल्या नाहीत.

माझा वेग वाढला. पहिल्यांदा एकेका चौकोनाला वेळ लागायचा, मग नजर टाकली की कळायला लागलं. इतका आनंद मला निवृत्तीनंतर कशानेच झाला नव्हता. हे जे मी बाजूला करत होते ते तारे होते, आणि त्यातले फ्रेश कोणते हे सोलापूरची एक बाई ठरवत होती. मैत्रिणींना फोन करून सांगायचे. एकीने विचारलं की सेकंडच्या ताऱ्यांचा सेल कधी लावणार.

तीन आठवड्यांत काम संपलं. मग भाचीने निवडलेल्या गुच्छांची वयं रंगावरून काढली, आणि एका दुपारी ती जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या सोडत खाली धावली. मी मागून गेले. बापाला ती समजावत होती की गुच्छ जन्मतात खूप, पण बहुतेक लवकर फुटतात, तारे पांगतात. म्हणून कुठल्याही दीर्घिकेत अगदी लहान वयाचे गुच्छ पुष्कळ असतात आणि वय वाढत जाईल तसे भराभर कमी होत जातात. तिच्या दीर्घिकेत मात्र तसं दिसत नव्हतं. लहान वयाचे थोडे, मोठ्या वयाचेही जवळजवळ तितकेच. म्हणजे जे जन्मतात ते टिकतात. असं दुसरीकडे फारसं दिसलेलं नाही, ती म्हणाली. दोन वर्षांत तिला इतकं आनंदी मी पाहिलं नव्हतं.

भाऊ एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला. संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याच्या मित्रांची बैठक असते. तिथे त्याने जाहीर केलं की पोरीच्या दीर्घिकेत तारे एकमेकांना धरून राहतात. बँकेचं नाव आठ दिवस निघालं नाही. वहिनी गुणगुणत स्वयंपाक करायला लागली. मीही खूश होते, फक्त पोरगी आता येत नाही म्हणून आतून थोडी खट्टू, आणि तेवढं मी कुणाला दाखवलं नाही.

सेमिनार शुक्रवारी होतं. आधीच्या रविवारी सकाळी भाचीने वायर लावून लॅपटॉप खालच्या टीव्हीला जोडला. सेमिनारमध्ये दाखवायची चित्रं आधी घरच्यांना दाखवणार होती. वहिनीने कडक भाकरी चुरून त्यावर शेंगाची चटणी आणि दही घालून सगळ्यांच्या हातात वाट्या दिल्या होत्या. आणि टीव्हीवर ती दीर्घिका रंगात उघडली.

मी तिला अशी कधी पाहिलीच नव्हती. इतके दिवस माझ्यासमोर चौकोन होते, अख्खा माल कधी पसरलेला नव्हता. मधे पिवळसर उजेड, तिथून निघालेले दोन हात, हातांवर निळे झगझगीत पुंजके, मधून मधून तांबूस डाग, आणि हातांच्या आतल्या कडेने काळ्या रेघा. त्यावर भाचीने आपण निवडलेल्या प्रत्येक गुच्छाला हिरवं कडं काढलं होतं. भाऊ वाटी हातात धरून नुसता बघत राहिला. वहिनी म्हणाली, किती सुंदर गं. मी मात्र सवयीप्रमाणे किनारीकडे बघत होते. वरच्या मोठ्या भागात, निळ्या हातांवर, कडी जवळजवळ नव्हतीच. पिवळ्या भागात होती, दोन हातांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात होती, पण निळ्यावर नाही. अगदी खालच्या टोकाला मात्र निळ्यावरसुद्धा कडी होती.

"वरचा भाग कुणी तपासला?" मी विचारलं.

वरचा तूच की आत्या, ती म्हणाली. निळ्यात काही कसं नाही, असं विचारल्यावर म्हणाली, तिथे धूळ लई असते, झाकले गेले असतील. मी विचारलं, तिथे असतं काय एवढं? मग तिने पहिल्यांदा मला सांगितलं, जे इतके दिवस मुद्दाम सांगितलं नव्हतं. या हातांवर थंड वायूचे मोठे ढग दाटतात. ते आपल्याच भाराने आत कोसळतात आणि त्यातून एका वेळी हजारो तारे जन्मतात. जन्मतात ते वेडेवाकडे, इकडे एक झुबका, तिकडे एक. त्यातले मोठे तारे इतके तापलेले असतात की काही लाख वर्षांतच उरलेला वायू उधळून लावतात. वायू गेला की सगळ्यांना धरून ठेवणारा भार कमी होतो आणि बहुतेक गुच्छ सुटतात, तारे दीर्घिकेत पांगतात. आपला सूर्यही कधीतरी असाच कुठल्यातरी गुच्छातून सुटलेला आहे. जे थोडे गुच्छ टिकतात ते फिरत फिरत, एकमेकांना ओढत, हळूहळू गोल आणि बांधीव होतात. वहिनी म्हणाली, म्हणजे लग्नघरासारखंच की, मांडव काढला की पाहुणे आपापल्या गावाला. भाची हसली आणि म्हणाली, अगदी तसंच.

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. गोल होतात ते म्हातारे. जन्मतात ते वेडेवाकडे. मी डोकं दुखतंय म्हणून वर आले.

भिंतीवर माझा मंजूर नमुना होता. सगळ्यांत गोल, सगळ्यांत बांधीव. म्हणजे सगळ्यांत म्हातारा. लॅपटॉप खालीच होता, पण तिचा जुना टॅब माझ्याकडे असायचा आणि त्यात मी तपासलेले सगळे चौकोन होते. मी ते एकेक उघडले. पहिल्या दोनशेत मी सैल, दोन शेंड्यांचे गुच्छ तीन नंबरात नीट घातले होते. नमुना चिकटवल्याच्या दिवसापासून तीन नंबर कमी होत गेला. शेवटच्या आठवड्यात तो जवळजवळ नाहीच. रोज सकाळी मी त्या म्हाताऱ्या गुच्छाकडे डोळा लावून बघत होते आणि दिवसभर नुकत्या जन्मलेल्यांना त्याच्यासारखे नाहीत म्हणून टाकून देत होते. टॉवेल लूमवरून उतरतो तेव्हाच पूर्ण असतो, त्याला एक नमुना पुरतो. ताऱ्यांचं तसं नव्हतं, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि वयाप्रमाणे आकार बदलतो का हे मीही विचारलं नव्हतं. भाचीच्या दीर्घिकेत लहान वयाचे गुच्छ कमी होते ते माझ्यामुळे. तिचा शोध म्हणजे माझी चूक होती.

मला भयंकर लाज वाटली. तीस वर्षांत माझा माल परत आला नव्हता, आणि आता आला तो घरातल्या पोरीच्या ताटात. मग मी ते केलं जे टॉवेलच्या बाबतीत करायची कधी वेळ आली नव्हती, मी माझंच मन पलटून बघितलं. सांगितलं तर शोध मोडणार. शोध मोडला की ती हे सगळं सोडणार, हे तिने एप्रिलमध्येच सांगितलं होतं. सोडलं की घरी येणार. आणि ती घरी यावी असं मला तेव्हापासून वाटत होतं. मग मी खरं सांगायला निघाले होते की तिला घरी आणायला? कदाचित दोन्ही. पण टाकलेला ढीग तसाच ठेवून तिला पुण्याला पाठवणं माझ्याच्याने होणार नव्हतं.

सोमवारी सकाळी ती वर आली तेव्हा मी तिला नमुन्यासमोर उभं केलं.

"हे बघून मी रोज कामाला बसायची," मी म्हटलं. "ह्याच्यासारखं दिसलं न्हाई ते मी चारात टाकलं. लहान गुच्छ झाकले न्हाईत धुळीनं. मी टाकलेत."

तिने टॅब घेतला, पाच-दहा चौकोन पाहिले, खुर्चीवर बसली. तिचा चेहरा बघवेना. मला वाटलं ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने एवढंच विचारलं, "कधीपासून?"

मी चिठ्ठ्यांची गड्डी पुढे केली. नमुना चिकटवला तो दिवस त्यात होता, त्यानंतरचा प्रत्येक दिवस, प्रत्येक चौकोन कुठून कुठे ते सगळं. तिने चिठ्ठ्या चाळल्या आणि पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैल झाला. म्हणजे सगळं वाया गेलं नाही, ती म्हणाली, या तारखेपासूनचे चार नंबर तेवढे परत बघायचे.

सोमवार, मंगळवार, बुधवार आम्ही दोघी जागेवरून उठलो नाही. तिने वेगवेगळ्या वयाचे पाच गुच्छ निवडून मला आळीपाळीने दाखवले, आणि आता काही लपवायचं उरलं नव्हतं म्हणून प्रत्येकाचं वयही सांगितलं. प्रत्येक चौकोन मी आणि तिने वेगवेगळा बघितला, जिथे जुळला नाही तिथे भांडलो. चांगल्या भांडलो. वहिनी जेवण वर आणून द्यायची आणि न बोलता खाली जायची. भावाला आम्ही एवढंच सांगितलं की तपासणीत दुरुस्ती आहे. तो चहाच्या टपरीवर गेला नाही तीन दिवस, त्यावरून त्याला सगळं कळलं होतं हे मला कळलं.

बुधवारी दुपारी तिने नवा आलेख काढला. लहान वयाचे ढीगभर, मग घसरण, मग थोडे, मग मोजके. बाकीच्या दीर्घिकांसारखाच. ती म्हणाली, सुंदर आहे गं, पण नवीन नाही. मी तिला म्हटलं, माझ्यामुळे तुझं नुकसान झालं. ती म्हणाली, आत्या, आता नको. मग तिने बॅग भरली आणि गुरुवारी सकाळच्या गाडीने गेली. स्टेशनवर मी तिला विचारलं नाही की पुढे काय करणार. विचारायची हिंमत नव्हती.

शुक्रवारी चार वाजता तिचा फोन आला. तिने दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले होते, आधी चुकीचा, मग बरोबर. आणि सांगितलं की आकाश तेच, ठिपके तेच, फक्त तपासणाऱ्याच्या डोळ्यासमोर काय होतं तेवढं बदललं, तर दीर्घिकेचं सगळं आयुष्य वेगळं दिसायला लागतं. कुणी हसलं नाही. एकाने विचारलं, ही चूक कुणी पकडली? ती म्हणाली, जिची होती तिनेच. सर नंतर तिला बाहेर म्हणाले की डोळ्याने तपासणारे सगळेच नकळत एखादा नमुना मनात धरून बसतात, ते स्वतःही बसत असतील, पण आमच्यासारख्या चिठ्ठ्या कुणी ठेवत नाही म्हणून ते कधी उघडकीला येत नाही. यावरच लिही, ते म्हणाले. ती लिहिणार आहे. ती पीएचडी सोडणार नाही.

फोन ठेवल्यावर मी एकटीच खोलीभर फिरले. इतका आनंद झाला होता की कुणाला तरी धरून हलवावं असं वाटत होतं. तेवढ्यात भाऊ वर आला. दारातच उभा राहिला.

"काय म्हनली पोरगी? सापडलं का काय?"

"नवीन काय न्हाई. बाकीच्यांचं जे हाय तेच हिचं हाय."

"मग येनार का ती?"

न्हाई, मी म्हटलं. अजून तीन वर्षं पुण्यातच, आणि त्यानंतर बाहेरच्या देशात जावं लागेल म्हणते. तो येऊन माझ्या पलंगावर बसला. दोन वर्षं तो पेन्शन, कायमची नोकरी, बदली नाही, असलं बोलत होता. आता पहिल्यांदा खरं बोलला.

"मला वाटलं हुतं, न्हाई जमलं तर यील घरी."

"मलाबी तसंच वाटलं हुतं," मी म्हटलं. "तिला सांगताना सुद्धा वाटलं हुतं."

"आनि तरीबी सांगितलंस."

मी त्याला समजावलं की चूक तशीच जाऊ दिली असती तर आज ना उद्या पुण्यात कुणीतरी पकडलीच असती. मग तिचं नाव खराब झालं असतं, मन मोडलं असतं, आणि मग मात्र ती बॅग घेऊन आली असती. सांगितलं म्हणूनच ती तिथे राहिली.

तो म्हणाला, "म्हंजे तू गप बसली असतीस तर पोरगी आज ना उद्या घरी आली असती."

"व्हय," मी म्हटलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही हसू आलं. हसता हसता मला रडू आलं, ते मी थांबवलं नाही. त्याने बराच वेळ माझ्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाला, आता ती येत नाही हे तिच्या आईला तू सांग. मी म्हटलं, बाप तू हायस, तू सांग. शेवटी आम्ही दोघंही खाली गेलो.